नेपाळची हवा : महिना आणि उंची सांगून अनुभव लिहा

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आसपास बाबांना मुक्तिनाथला नेऊन आणलं. निघायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न, ‘तिकडे थंडी किती असते गं?’ मी मोबाइलमध्ये नुसतं ‘नेपाळ’ टाकलं, काठमांडूचा आकडा आला, दुपारचे चोवीस अंश. म्हटलं, पुण्यासारखंच तर आहे! एकेक स्वेटर, एकेक कानटोपी, झालं सामान.

पोखऱ्यात (उंची ८०० मीटरच्या आसपास) अर्ध्या बाह्यांत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या विमानाने वीसेक मिनिटांत जोमसोम, २७०० मीटर. तिथेही अकरापर्यंत मस्त ऊन. मग जो वारा सुटला! बाबांची कानटोपी डोक्यावरून गेली ती थेट काली गंडकीच्या पात्रात. आमच्या जीपवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. इथे रोज दुपारी असंच, म्हणाला. म्हणून विमानं सगळी सकाळी.

मुक्तिनाथ आणखी हजार मीटर वर. देवळामागच्या १०८ गोमुखांच्या धारांखालून जायचं असतं, पाणी हिमालयाचं. पहिल्या धारेला बाबा ‘हर हर महादेव’ म्हणाले (विष्णूचं देऊळ आहे, पण तोंडात तेच बसलंय), तिसऱ्या धारेला ‘हर हर’, सातव्या धारेला नुसतं ‘ह ह ह’. तिथून परत फिरवलं.

तुम्ही लोक तिकडे राहिलात, फिरलात, नोकऱ्या केल्यात. लिहा. अट एकच : महिना आणि उंची दोन्ही सांगा. ‘नेपाळला थंडी होती’ एवढंच लिहिलंत तर प्रतिसाद बाद!

पाटणचा भाडेकरू

पौष-माघ, १३०० मीटर. मी तीन हिवाळे काठमांडू खोऱ्यात काढले. बर्फ सहसा पडत नाही तिथे. पडला असता तर निदान फोटो तरी मिळाले असते. घरं विटा-सिमेंटची, हीटर नाही, त्यामुळे दुपारी घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाई जिन्यातून हाक मारून म्हणाल्या, ‘भाइ, घाम ताप्न आउनुस्.’ मला ना घाम आला होता ना ताप. गच्चीवर गेलो तर सगळं घर चटया टाकून उन्हात बसलेलं, आजी पायाला मोहरीचं तेल चोळतायत, मधे संत्र्यांच्या सालींचा ढीग. घाम म्हणजे ऊन! मग तिन्ही हिवाळे मी तोच उद्योग केला.

आणि भारनियमन. २०१२-१३ च्या हिवाळ्यात दिवसाला बारा-बारा तास वीज नसायची. हिमालयातल्या नद्यांचा देश, आणि अंधार? कारण साधं आहे. तिथली बहुतेक वीजकेंद्रं वाहत्या पाण्यावर चालतात, आपल्या कोयनेसारखा मोठा साठा मागे नसतो. हिवाळ्यात पाऊस नाही, वर बर्फ वितळत नाही, नदी रोडावली की वीजही रोडावते. आता ते भारनियमन गेलं, पण पावसाळ्यात भारताला वीज विकायची आणि हिवाळ्यात भारताकडूनच घ्यायची, हे गणित हवामानाचंच आहे.

निवृत्त भूगोलमास्तर

धागाकर्तीने अट चांगली घातली आहे, मी तिसरी जोडतो : डोंगराच्या कुठल्या अंगाला? दक्षिणोत्तर सरासरी दोनशे किलोमीटरच्या आत हा देश सुमारे ६० मीटरवरून ८८४८ मीटरवर चढतो. अशा ठिकाणी कॅलेंडर अर्धंच काम करतं.

पाऊस बंगालच्या उपसागराकडून येतो, म्हणून आधी पूर्व नेपाळात, साधारण जूनच्या मध्यावर, आणि मग पश्चिमेकडे सरकतो. वर्षाच्या पावसाचा सुमारे ८० टक्के वाटा जून ते सप्टेंबर. पोखऱ्याजवळचं लुमले घ्या, वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या पंक्तीतलं. त्याच अन्नपूर्णेच्या पलीकडे जोमसोम, ३०० मिलिमीटरच्या आत! महाबळेश्वरहून घाट उतरून वाईला आलं की पाऊस कमी होतो ना, तसंच. फक्त मधली भिंत आठ हजार मीटरची.

जोमसोमच्या वाऱ्याबद्दल : दिवसा वरचं तिबेटकडचं पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा भरायला खालची हवा अन्नपूर्णा-धौलागिरीमधल्या अरुंद घळीतून जोरात वर ओढली जाते. कानटोपीचा बळी त्यात गेला.

वऱ्हाडी इन नेपाळगंज

नवऱ्याची बदली नेपाळला झाली म्हटल्यावर आईने दोन रजया शिवून दिल्या, शेजारणीने थर्मल दिले. गेलो कुठे, तर नेपाळगंजला! तराई, उंची दीडेकशे मीटर. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा, लू चालते, अगदी अकोल्याची आठवण. कूलर घेतला आणि रजया पेटीत टाकल्या.

पण त्या रजया निघाल्या, जानेवारीत. त्याला तिकडे शीतलहर म्हणतात. गंगेच्या मैदानावरचं धुकं जमिनीला चिकटून बसतं, आठ-दहा दिवस सूर्य म्हणून दिसत नाही. पारा दहाच्या आसपास, आकडा काही भयंकर नाही. पण दिवसा-रात्री तोच दहा. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, चौकाचौकात लोक टायर-लाकडं पेटवून बसलेले. गंमत म्हणजे तेव्हा पहाडातल्या नातेवाइकांना फोन केला की ते सांगायचे, ‘इकडे लख्ख ऊन आहे!’

अजून एक. सलग दोन-तीन दिवस रिपरिप लागली की ते म्हणतात ‘झरी पर्‍यो’. आमच्याकडे म्हणतात झडी लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिथे घरच्यासारखं वाटलं.

रकसॅक

ऑक्टोबर २०१४, मनांग, ३५०० मीटर. आम्ही चौघं थोरोंग ला ही खिंड ओलांडायच्या बेतात होतो. एकाचं डोकं दुखत होतं, म्हणून एक दिवस जास्त थांबलो. मी त्याच्यावर चिडलो होतो, हे इथे लिहायला लाज वाटते.

ऑक्टोबर म्हणजे निरभ्र आकाश, असंच सगळे सांगतात. १३ तारखेला रात्री बर्फ सुरू झाला तो १४ ला दिवसभर थांबलाच नाही. खोलीच्या खिडकीची खालची काच दिसेनाशी झाली, मग मधली. लॉजची म्हातारी दर तासाला फावडं घेऊन संडासापर्यंतची वाट मोकळी करायची आणि ती परत भरायची. वरच्या वाटेवर आणि आसपास ४० हून जास्त माणसं गेली, हे खाली उतरल्यावर कळलं.

ते होतं हुदहुद. १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलेलं चक्रीवादळ, त्याचे अवशेष तिथवर आले. ज्या देशाला समुद्र नाही, तिथे समुद्रातल्या वादळाने माणसं मरतात, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. आता हिमालयात निघायच्या आधी बंगालच्या उपसागराचा अंदाज बघतो. मित्राचं डोकं दुखलं तर थांबतो.

भटकी भिंगरी

लुक्ला (एव्हरेस्टच्या वाटेवरचं विमानतळाचं गाव), २८०० मीटर, मे अखेर. तीन दिवस विमान नाही. रोज सकाळी सहाला सामान बांधायचं, ढग बघायचे, नऊला सामान सोडायचं. दाल-भात छान होता.

पाटणचा भाडेकरू

रकसॅकना पुढे जोडतो. ‘पावसाळा संपला’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस, दसरा तोंडावर असताना, दोन-तीन दिवसांत काठमांडू खोऱ्यात असा पाऊस झाला की बागमती-नख्खूकाठची घरं पाण्यात गेली, देशभरात दोनशेच्या वर माणसं गेली. मी ज्या गल्लीत दूध आणायला जायचो ती फोटोत ओळखू आली नाही.

तिथे दसऱ्याला पतंग उडवतात. का, तर इंद्राला निरोप द्यायला की बाबा, पुरे झाला पाऊस. त्या वर्षी घरमालकीणबाईंशी फोनवर बोललो तर म्हणाल्या, ‘चंगा उडाउन ढिलो भयो.’ पतंगाला उशीर झाला.

मातीचं छप्पर

मी शेतीच्या कामासाठी दोन उन्हाळे मुस्तांगला (जोमसोम-मुक्तिनाथचा जिल्हा) होते, मार्फा-कागबेनी पट्ट्यात. वर सरांनी लिहिलंय तो पर्जन्यछायेचा भाग. तिथली छपरं सपाट, मातीची, वर सरपण रचलेलं. पाऊसच नाही तर उतार कशाला? पण आता पाऊस येतो, आणि जिथे बर्फ यायचा तिथेही येतो. ज्या घरी मी राहायचे तिथे रात्री गळायला लागलं की ताई भांडी मांडायच्या : पितळी परात देवापाशी, प्लॅस्टिकची बादली माझ्या उशाशी. काहींनी मातीवर ताडपत्री अंथरली, काहींनी पत्रे घातले. पत्रा घातला तर तो दुपारचा वारा उचलून नेतो, म्हणून वर दगड. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कागबेनीतल्या ओढ्याला पूर आला, चिखलाने घरं-पूल गेले. त्या कोरड्या गावात!

सफरचंदवालेही म्हणतात, आता बाग वर सरकवावी लागते.

धागाकर्ती

बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांचं म्हणणं, उरलेल्या १०१ धारांसाठी पुन्हा जायचंय, पण वैशाखात. वैशाखात कोणी गेलंय का मुक्तिनाथला? वारा किती असतो? कानटोपीला या वेळी नाडी शिवून घेतली आहे.