मदत हवी आहे : कवितासंग्रहाची वाचननोंद कशी ठेवावी?

वाचनवहीत प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे आवृत्ती, वर्ष, पृष्ठांकासह उतारे; उजवीकडे मत, तेही पुस्तक संपल्यावर दोन-तीन दिवसांनी. लगेच लिहिलं की शेवटच्या प्रकरणाचाच प्रभाव उतरतो. आवृत्ती हवीच, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात आणि उतारा सापडत नाही.

कादंबरीला एवढं पुरतं. आत्मचरित्राला आणखी एक रकाना लागतो : कोण सांगतंय, किती वर्षांनी. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’च घ्या. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. अखेरचा भाग त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी पूर्ण केला. हे टिपलं नाही तर दोन आवाज एकच समजले जातात.

घोडं अडतं कवितासंग्रहापाशी. साठ-सत्तर कवितांवर मिळून एक मत लिहिलं की ‘तरल’, ‘अंतर्मुख करणारं’ असे कुठल्याही पुस्तकाला चिकटणारे शब्द उरतात. प्रत्येक कवितेवर लिहायचं म्हटलं तर वाचन राहतं बाजूला.

कविता नेमाने वाचणाऱ्यांनी कृपया सांगावं : एका संग्रहातल्या किती कवितांवर नोंद करता? पहिल्या वाचनानंतर की दुसऱ्या? छंद आणि यती (ओळीतले विराम) यांच्या खुणा कशा करता? पुस्तक वाचनालयाचं असेल तर समासात पेन्सिलही चालवता येत नाही. अशा वेळी चिठ्ठ्या लावता की अख्खी कविता उतरवून घेता?