मदत हवी आहे : बाबांच्या एका डोळ्याच्या पडद्याचा फोटो 'अस्पष्ट' आलाय

बाबांसाठी विचारतेय. वय ६९, शुगर १४ वर्षांपासून, गोळ्या चालू, मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.२. राहायला सिंहगड रोडला.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात दवाखान्यात पडद्याचे फोटो काढायचा कॅमेरा आणला होता. कंपाउंडरच्या खोलीत ट्यूब बंद, खिडकीला चादर, बाबांची हनुवटी स्टँडवर. बाहुली मोठी करायचे थेंब घातले नाहीत, पाच मिनिटांत सुटका. रिपोर्ट व्हॉट्सॅपवर आला. डावा डोळा : रेटिनोपॅथी (शुगरमुळे पडद्याला होणारी इजा) दिसत नाही. उजवा : फोटो अस्पष्ट, नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

बाबांनी पहिली ओळ वाचली आणि मोबाइल ठेवून दिला. "रोज शब्दकोडं सोडवतो, नंबर दिवाळीत तपासलाय, आता काय राहिलं?" त्यात कुणीतरी सांगितलंय की थेंब घातले की दिवसभर गाडी चालवता येत नाही. आणि स्कूटरशिवाय बाबा म्हणजे... असो.

अस्पष्ट म्हणजे काही सापडलं नाही असंच धरायचं का? दोन-तीन महिने थांबलं तर चालेल? माझं ते ऐकत नाहीत.

प्रतिसाद १ :
काही सापडलं नाही असं नाही, उजवा डोळा तपासलाच गेलेला नाही. थेंबांशिवाय बाहुली लहान राहते, वय आणि मधुमेह असेल तर जास्तच. किंवा मोतीबिंदू असेल, त्यातून फोटो धुरकट येतो. माझ्या आईचा तोच निघाला. नंबर काढणं वेगळं, पडदा बघणं वेगळं. पडद्याच्या मधल्या भागाला सूज येईपर्यंत शब्दकोडं आरामात सुटतं, हीच तर फसगत. टाइप २ असेल तर निदान झाल्याझाल्या आणि मग दरवर्षी पडदा बघायचा असतो. १४ वर्षांत थेंब घालून एकदा तरी बघितलाय का? नसेल तर महिने कसले मोजताय, याच आठवड्यात जा. मध्येच काळे ठिपके तरंगायला लागले किंवा नजरेसमोर काळा पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी.

प्रतिसाद २ :
थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, ऊन डोळ्यांत घुसतं. रिक्षाने जा, गॉगल न्या.

धागाकर्ती :
एकदाही नाही. :( वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प होते, मग विचारलं, "सकाळची वेळ घेतली तर संध्याकाळी स्कूटर चालेल ना?" दुसऱ्या दिवशी चालेल म्हटलं. गुरुवारची वेळ घेतलीय.