घरची स्कूटर, कंपनीचा हंगाम

पार्लेकर

परवा इथल्या चर्चेत एका सदस्याने मोठ्या उत्साहाने सल्ला दिला होता की दसरा ते भाऊबीज या काळात पार्सल पोहोचवणाऱ्या कंपन्यांना माणसे कमी पडतात, तेव्हा दारात नुसती उभी असलेली स्कूटर काढावी, जवळच्या हबवर, म्हणजे कंपनीच्या पार्सल वाटपाच्या केंद्रावर, नाव नोंदवावे आणि सणाचा खर्च भागवावा. 'यात भांडवल काहीच लागत नाही' हे त्यांचे शेवटचे वाक्य होते. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

स्कूटर हेच भांडवल आहे, आणि ते कंपनीचे नसून तुमचे आहे. मी 28 वर्षे वाहन विम्याच्या दाव्यांचे काम केले. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा एक परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर, आणि स्वतःचे सामान वा नमुने सोडून इतर मालाची वाहतूक, या गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. 1988 चा मोटार वाहन कायदाही स्पष्ट आहे: मालासाठी न बनवलेले वाहन माल नेण्यासाठी वापरले, तर त्या वापरात तेही मालवाहू वाहन ठरते. मालवाहतुकीच्या परवान्याविना असा वापर केल्यास 10,000 रुपये दंड आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर घसरलेल्या एका मुलाचा दावा माझ्याकडे आला. परतीचा पाऊस होता, आणि पायाशी पार्सलांची गोण उभी ठेवल्यामुळे त्याच्या स्कूटरचे हँडल पुरते वळत नव्हते. अपघाताच्या वेळी वाहन कोणत्या कारणासाठी वापरात होते, असा एक रकाना दाव्याच्या अर्जात असतो. बहुतेक जण तिथे 'वैयक्तिक' असे लिहून मोकळे होतात. या मुलाने निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात 'पार्सल देण्यासाठी' असे लिहिले होते. दावा नामंजूर करण्याची शिफारस मीच केली, कारण अटींपुढे दुसरा मार्ग नव्हता. 19,000 रुपयांची दुरुस्ती त्याच्या अंगावर आली, आणि तेवढे पैसे त्याने त्या महिन्यात मिळवलेही नव्हते. म्हणून 'भांडवल लागत नाही' असे कोणी मुलांना सांगू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भांडुपकर

पार्लेकर काका, तो सल्ला माझ्या भावाने दिला होता आणि तो माझ्याच उदाहरणावरून दिला होता, म्हणून उत्तर मी देते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझ्या यजमानांचा कारखाना बंद झाला. दोन मुलांच्या शाळेचा दुसरा हप्ता थकला होता. मी 24 दिवस मुलुंड आणि भांडुपमध्ये स्वतःच्या स्कूटरवरून पार्सले दिली. हिशेब वहीत लिहिलेला आहे, तो जसाच्या तसा देते. 1,310 पार्सले पोहोचली आणि प्रत्येकी 14 रुपयांप्रमाणे 18,340 रुपये मिळाले. रोज साधारण 55 किलोमीटर फिरणे झाले, त्याचे पेट्रोल 3,400 रुपयांचे. ब्रेक शू आणि ऑइल यांचे 1,150. एका गिऱ्हाइकाने दिलेली पाचशेची नोट खोटी निघाली, ती माझ्या खिशातून गेली. हातात 13,290 रुपये राहिले, आणि त्यातून शाळेचा हप्ता भरला. त्या वेळी मला पॉलिसीतला परिच्छेद कोणी वाचून दाखवला असता, तरी मी गेलेच असते. ज्याच्या घरी हप्ता थकलेला नाही, त्याला सावधगिरी सुचणे सोपे असते.

आणि खरा जाच रस्त्यावर नाहीच, तो इमारतीत आहे. मुलुंड पश्चिमेला 31 मजल्यांचे एक टॉवर माझ्या रूटवर होते. फाटकावर वहीत नाव, मोबाइलमध्ये फोटो, इंटरकॉमवर परवानगी, आणि मग सर्व्हिस लिफ्ट, जिच्यातून वर रेती जाते आणि खाली कचऱ्याचे डबे येतात. समोर तीन लिफ्ट मोकळ्या उभ्या असताना मी तिथे वीस-वीस मिनिटे उभी राहिले आहे. त्या वीस मिनिटांचे मोल 14 रुपयांतूनच वजा होते.

वाशीकर

मी वकिली करतो, म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. ज्या कायद्याचा उल्लेख पार्लेकरांनी केला, त्याच्याच कलम 66 च्या तिसऱ्या पोटकलमात 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला परवान्यातून सूट आहे. त्यामुळे स्कूटरवाल्याला परवान्याच्या दंडाची भीती घालणे योग्य नाही. पांढऱ्या पाटीची खासगी नोंदणी आणि विम्याची अट हे प्रश्न मात्र शिल्लक राहतात, आणि ते गंभीर आहेत. धडक बसलेल्या तिऱ्हाइताला विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायाधिकरणे अनेकदा देतात. तेव्हा धोका स्वतःच्या मोडक्या स्कूटरवर थांबत नाही, तो राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो.

चेंबूरकर

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे आणि भांडुपकर ताईंचा सर्व्हिस लिफ्टबद्दलचा सूर मला मान्य नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात आमच्या सातव्या मजल्यावरच्या आजींना छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका खाली आली होती. एका लिफ्टची दुरुस्ती चालू होती, आणि दुसऱ्या लिफ्टमध्ये गोणी घेतलेले तिघे प्रत्येक मजल्यावर दार अडवून पार्सले देत होते. आजी वाचल्या, परंतु ती अकरा मिनिटे मी विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही सर्व्हिस लिफ्टचा नियम केला. त्यामागे कोणाला कमी लेखण्याचा हेतू नव्हता.

भांडुपकर

सचिव साहेब, आजी वाचल्या हे ऐकून बरे वाटले, मनापासून सांगते. पण मग नियम असा हवा होता की लिफ्टचे दार अडवून ठेवू नये. आपल्या दारावर पाटी कोणती आहे? 'डिलिव्हरी व घरकामगारांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी' अशीच ना? घरकाम करणाऱ्या बाईंनी कोणाची रुग्णवाहिका अडवली होती? माझ्या टॉवरमध्येही हेच शब्द होते. मी त्याच इमारतीत एका मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला साडी नेसून गेले, तेव्हा वॉचमनने स्वतः पुढची लिफ्ट बोलावून दिली. मी तीच होते, फक्त पाठीवर बॅग नव्हती.

चेंबूरकर

तुम्ही माझ्यावर जातपात पाळल्याचा आरोप करत आहात आणि तो मी सहन करणार नाही. लिफ्टच्या देखभालीचा खर्च सभासद भरतात. सणाच्या दिवसांत आमच्या चार विंगमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत पार्सलवाल्यांची रीघ असते, आणि त्यातले निम्मे दर आठवड्याला बदलतात. वॉचमनने कोणाला ओळखायचे? उद्या चोरी झाली तर पोलीस मला बोलावतील, तुम्हाला नाही.

गिरगावकर

वयाने थोडा मोठा आहे म्हणून मध्ये बोलतो. आमच्या चाळीत लिफ्टच नव्हती. किराणा दुकानातला पोऱ्या खालून हाक मारायचा, तिसऱ्या मजल्यावरून सुतळीला बांधलेली कापडी पिशवी खाली यायची, तो तिच्यात सामान ठेवायचा आणि पिशवीतच असलेले सुटे पैसे घेऊन जायचा. चाळ पाडून आता तिथे टॉवर उभे आहे. ज्या शेजारणीची ती पिशवी होती, त्यांच्याच मुलाने गेल्या सर्वसाधारण सभेत पार्सलवाल्यांसाठी वेगळ्या लिफ्टचा ठराव मांडला. मी विरोधात हात वर केला आणि मी एकटाच होतो. चेंबूरकर, खर्च सभासद भरतात हे खरे आहे, पण पार्सलही सभासदच मागवतात.

मूळ विषयाबद्दलही एक सांगायचे आहे. माझा पुतण्या गेल्या वर्षी भायखळ्याच्या हबवरून हेच काम करत होता. जे. जे. उड्डाणपूल, पूर्व मुक्त मार्ग, सागरी किनारा रस्ता आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांतल्या एकावरही दुचाकीला प्रवेश नाही. त्याला रोज मोहम्मद अली रोडवर, उड्डाणपुलाच्या सावलीतून, हातगाड्यांमधून जावे लागे. कंपनीच्या नकाशात तेवढे अंतर काही मिनिटांचे दिसते, आणि उशीर झाला तर दोष त्याचा ठरतो. पेट्रोल त्याचे, क्लचही त्याचाच. पार्लेकरांचे म्हणणे मला इथे पटते.

डोंबिवलीकर

मग विजेची ती हळू चालणारी गाडी भाड्याने का घेत नाही? ताशी 25 किलोमीटरच्या आतली आणि 250 वॉटपर्यंतची असेल, तर तिला नोंदणीही लागत नाही आणि लायसन्सही लागत नाही. मी दोन महिने तीच चालवली. घरच्या गाडीला हात लावला नाही.

भांडुपकर

डोंबिवलीकर भाऊ, भांडुप पश्चिमेचा चढ आपण पार्सलांच्या गोणीसह त्या गाडीवर चढून पाहा. शिवाय आठवड्याचे भाडे आगाऊ भरावे लागते, आणि ज्या आठवड्यात माझ्याकडे भरायला पैसे असते, त्या आठवड्यात मला या कामाची गरजच पडली नसती.

पार्लेकर

वाशीकरांची परवान्याबद्दलची दुरुस्ती मी स्वीकारतो. तो भाग मी तपासून लिहायला हवा होता.

भांडुपकर ताई, आपला हिशेब मी दोनदा वाचला. त्यात टायर कुठे आहे? बेल्ट कुठे आहे? 24 दिवसांत 1,300 किलोमीटर, तेही ओझे घेऊन आणि घरोघरी थांबत, हा वापर साध्या घरगुती वापराहून फार वेगळा आहे. आणि सर्वांत मोठा आकडा, म्हणजे अपघात झाला असता तर किती गेले असते, तो कोणत्याच वहीत लिहिलेला नसतो. आपण सुखरूप घरी आलात म्हणून तो शून्य वाटतो. त्या जोगेश्वरीच्या मुलाच्या वहीतही 23 दिवस तो शून्यच होता. माझा राग आपल्यावर नाही. ज्या कंपनीला सणापुरती हजारो वाहने लागतात, तिने त्या काळापुरता त्यांचा विमा उतरवावा, किंवा निदान नाव नोंदवताना ती अट मराठीत समोर ठेवावी, इतकेच माझे मागणे आहे. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि अशा ॲपवर चालणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांसाठी द्यावी असे तीत आहे. पण त्याने दिवाळीपुरत्या 24 दिवस आलेल्या माणसाची स्कूटर दुरुस्त होत नाही.

भांडुपकर

डिसेंबरमध्ये मागचे टायर बदलले, त्याचे 1,700 रुपये लागले. ते यातून वजा करा म्हणत असाल तर करते, 11,590 राहिले. तरीही शाळेचा हप्ता त्यातूनच भरला गेला, हे वजा होत नाही.

त्या मुलाबद्दल मात्र मी रात्री बराच वेळ विचार करत होते. माझीही गोण पायाशीच असायची, आणि उजवीकडे वळताना मी गुडघा बाहेर काढायचे. यंदा मी जाणार आहे, कारण यजमानांना अजून कायमचे काम लागलेले नाही. विमा कंपनीला विचारायचे असेल तर नेमके काय विचारायचे, एवढे मला सांगा.

चेंबूरकर

पाटीवरचे 'घरकामगार' हे शब्द अनावश्यक होते, हे मी मान्य करतो. येत्या रविवारी कमिटीत विषय ठेवीन. दसरा ते भाऊबीज एक पुढची लिफ्ट सर्वांसाठी खुली राहावी आणि दार अडवणाऱ्यावर, मग तो सभासद का असेना, दंड व्हावा, असा प्रस्ताव देईन. तो मंजूर होईल याची हमी मी देत नाही. आणि जातपातीबद्दलचे माझे वाक्य मागे घेतो. तसे आपण म्हटले नव्हते.

पार्लेकर

ताई, माझे मत बदललेले नाही. आपण जाऊ नये असेच मला वाटते. जाणारच असाल तर पहिल्या दिवसाआधी दोन पत्रे द्या. विमा कार्यालयाला पॉलिसी क्रमांक आणि गाडीचा क्रमांक घालून लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही स्कूटर मोबदल्यावर पार्सल पोहोचवण्यासाठी वापरली जाईल, त्या काळात नुकसानीचे आणि तिऱ्हाइताचे संरक्षण लागू राहील का, नसल्यास जादा हप्ता भरून मिळेल का. हबलाही लिहा की कामावर असताना अपघात झाल्यास कंपनीचा कोणता विमा लागू होतो आणि त्याची रक्कम किती आहे. काउंटरवरच्या माणसाचे तोंडी 'चालेल' ग्राह्य धरू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि उत्तर नकाराचे आले तरी ते कागदावरच मागा. आणि गोण पायाशी ठेवू नका. मागच्या सीटवर आडवी बांधा, फेऱ्या दोन जास्त झाल्या तरी चालतील.