शारजातून भावाला परत यायचंय, कंपनी कोऱ्या हिशोबावर सही मागतेय: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ शारजाला इंडस्ट्रियल एरियात एसी टेक्निशियन आहे. आम्ही खेडचे. त्याला तिथे चार वर्षं झाली. अलीकडे पगार दर महिन्याला लांबतोय, म्हणून त्याने रीतसर नोटीस देऊन राजीनामा दिला. नोटीसचा काळ संपत आलाय आणि आता खरी अडचण सुरू झालीय.

पासपोर्ट पहिल्या दिवसापासून कंपनीकडे आहे. कंपनीचा पीआरओ (व्हिसा आणि सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस) म्हणतो, आधी सेटलमेंटच्या (शेवटच्या हिशोबाच्या) कागदावर सही कर, मग व्हिसा कॅन्सल करू आणि पासपोर्ट एअरपोर्टवर देऊ. त्या कागदाचा फोटो भावाने मला पाठवला. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. 'माझी सर्व देणी मिळाली, कंपनीकडून काही येणे नाही' असा मजकूर छापलेला आहे, रकमेची जागा मात्र कोरी. खाली अंगठ्यासाठी चौकोन. दोन्ही मजकुरांत फरक निघाला तर अरबीच ग्राह्य धरतात, आणि त्याला अरबी वाचता येत नाही.

वर फोरमन सांगतो की स्वतःहून सोडलंस, म्हणजे ग्रॅच्युइटी अर्धीमुर्धीच मिळेल. मी वाचलं त्याप्रमाणे हा जुना नियम होता. यूएईचा २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला, तेव्हापासून राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापता येत नाही. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार. त्याचा बेसिक १२०० दिरहम (हातात २०००, पण अलाउन्स यात धरत नाहीत). म्हणजे दिवसाचे ४० दिरहम, चार वर्षांचे ८४ दिवस, एकूण ३३६०. शिवाय थकलेला पगार आणि न घेतलेल्या रजेचे पैसे. हे सगळं करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायला हवं. कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायलाही याच कायद्याने मनाई आहे. कंपनीला हे ठाऊक नसेल असं मला अजिबात वाटत नाही. माणूस एकटा आहे, भाषा येत नाही, घरी जायची घाई आहे, हे बघूनच हे चाललंय आणि त्याचाच मला संताप येतो.

आता माझे प्रश्न. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

तिथल्या कामगार मंत्रालयाकडे (८००८४) तक्रार व्हिसा कॅन्सल व्हायच्या आधीच करावी ना? ५० हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर २०२४ पासून मंत्रालयच निकाल देऊ शकतं आणि १ लाखापर्यंत कोर्ट फी लागत नाही, एवढं मला समजलंय. पण प्रत्यक्षात किती दिवस लागतात? तेवढे दिवस त्याला कॅम्पवर (कंपनीच्या कामगार वसतीत) राहू देतात का?

तक्रार केली तर कंपनी 'अ‍ॅब्स्कॉंडिंग'ची (न सांगता काम सोडून पळाल्याची) केस टाकेल अशी भीती त्याला खोलीतल्या मुलांनी घातलीय. तो रोज कामावर जातो, हजेरी लागते. तरी खोटी केस टाकता येते का? आणि हजेरीचा पुरावा म्हणून काय जपून ठेवावं?

राजीनामा दिल्यावर परतीचं तिकीट कोणी काढायचं?

इथून मी भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवर (परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी) दुबईच्या भारतीय वकिलातीसाठी तक्रार टाकतेय. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर (८०० ४६३४२) त्याला दिलाय. तिथे कोणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल, तर सोबत काय न्यावं ते सांगा. ऑफर लेटर, कराराची प्रत आणि पगार जमा झाल्याचे मेसेज त्याच्याकडे आहेत.

सोमवारी त्याला सहीसाठी ऑफिसात बोलावलंय. रक्कम लिहिल्याशिवाय आणि पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नकोस असं मी त्याला बजावलंय. जबरदस्ती झाली तर त्याने काय करावं, हे आधी कळवलंत तर फार उपकार होतील. तो अजून त्यांच्याच कॅम्पवर राहतोय, म्हणून कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलात तरी चालेल.