आजोबांच्या गंजलेल्या अडकित्त्याचा सांधा कसा सोडवावा?

प्रश्न: कोकणातील घराच्या माळ्यावर आजोबांचा लोखंडी अडकित्ता सापडला, त्याचा खिळा गंजाने इतका धरला आहे की पाती तसूभरही हलत नाहीत. कृपया घरगुती उपाय सुचवावा.

उत्तर १: जोर मुळीच लावू नका, मूठ वाकेल. खिळ्यावर रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पाती हलकेच पुढे-मागे करून पाहा. दोन-तीन दिवसांत सांधा बहुधा सुटतो.

उत्तर २: त्यानंतर साबणाने रॉकेल धुऊन अडकित्ता पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवावा. त्यातील सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल गंज विरघळवते, परंतु पुढे चांगले लोखंडही खाऊ लागते, म्हणून दर काही तासांनी तारेच्या ब्रशने घासून पाहावे आणि २४ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. पितळी नक्षी असल्यास मात्र हा उपाय टाळावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३: आम्लातून काढताच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, अन्यथा ओल्या लोखंडावर तासाभरातच नवा तांबूस थर धरतो. पुसून, उन्हात वाळवून सांध्यात खोबरेल सोडा. सुपारी कातरायची असल्याने यंत्राचे तेल नको.