पहाटे गच्चीवरून हिरवा गोळा दिसला, उल्काच होती का?

परळची_मी
आज १४ डिसेंबर, पहाटे पावणेपाचला टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गच्चीवर गेले होते आणि एकदम कोणीतरी हॅलोजन लावावा तसा उजेड पडला, टाकीची सावली पायापासून सरसर लांब होत गेली म्हणून वर बघितलं तर हिरवट पांढरा गोळा वरळीच्या बाजूला खाली चाललेला, शेवटी नारिंगी झाला, दोन तुकडे झाले आणि विझला. दोन-तीन सेकंद फार तर. आवाज काही नाही. बाबांना उठवलं तर म्हणाले तारा तुटला असेल, पण तारा तुटताना सावली पडते का हो? काही खाली पडलं असेल का? हात अजून थरथरतायत.

वांगणीवाला
ताई नशीबवान आहात! शुक्रापेक्षा तेजस्वी उल्का असेल तर तिला फायरबॉल म्हणतात आणि तुमची तर सावली पाडणारी, म्हणजे त्याहून बरीच पुढची. आज मिथुन उल्कावर्षावाचा जोर असतो, फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा कचरा, सेकंदाला ३५ किमी वेगाने आत घुसतो. तुमच्या गोळ्याची रेघ मनात मागे ओढून बघा, मिथुन राशीतल्या पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी पोचली तर त्यातलीच. लिंबाएवढा खडासुद्धा एवढा उजेड करतो, वरच जळून जातो, खाली काही शोधू नका. हिरवा रंग निकेल, मॅग्नेशियमच्या तापलेल्या वाफेचा. आणि पुढच्या वेळी लगेच खाली उतरू नका, ६० किमीवरून आवाज यायला तीन मिनिटं लागतात, तो आला तर मोठी गोष्ट असते.

चंद्रपूरचा_पोरगा
रॉकेटचा तुकडा नसावा. २०२२ च्या गुढीपाडव्याला गावी होतो, संध्याकाळी जेवायच्या आधी सगळे अंगणात आणि आकाशातून जळते तुकडे रांगेने चाललेले, इतके सावकाश की आजीला घरातून हात धरून आणली तरी तिला दिसले. नंतर सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला लोखंडी कडं पडलेलं सापडलं, चिनी रॉकेटचं असावं असं जाणकार म्हणाले. तुमचं तीन सेकंदात संपलं, म्हणजे उल्काच.

वांगणीवाला
बरोबर. ताई, आत्ताच वहीत लिहून ठेवा, कुठे सुरू झाली, कुठे विझली, उद्यापर्यंत डोकं त्यात भर घालतं. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. इंटरनॅशनल मिटिअर ऑर्गनायझेशनच्या साइटवर फायरबॉलचा फॉर्म आहे, तो भरा. दोन-चार गावांहून नोंदी आल्या तर खरा मार्ग काढता येतो.

परळची_मी
भरला फॉर्म! बाबांना घेऊन परत गच्चीवर गेले, त्यांनी मुठी मोजल्या, विझली ती जागा समोरच्या टॉवरच्या वर तीन मुठी. रेघ मागे नेली तर जोडताऱ्यांपाशीच जाते. आणि हे ऐका, वॉचमनकाकांनी गेटचा सीसीटीव्ही लावून दाखवला, त्यात आकाश नाही पण ४ वाजून ४७ मिनिटांनी गेटची सावली रस्त्यावर लांब होत जाते आणि मग परत अंधार. बाबांनी चार वेळा मागे घेऊन बघितलं.