गीतेचा श्लोक दाखवून पगारवाढ नाकारायची असते का?

हिंजवडीकर
काल इथे पोस्ट आली की नोकरदारांचा सगळा ताण फळाची अपेक्षा धरल्यामुळे आहे, 'कर्मण्येवाधिकारस्ते' अंगी बाणवा, रोज बारा सूर्यनमस्कार घाला, मग ना डॉक्टर लागेल ना काउन्सेलर. वाचून डोकंच फिरलं, कारण हाच श्लोक मी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर बघितलाय, मागे कमळ, खाली कंपनीचा लोगो. दोन वर्षं इन्क्रिमेंट नाही, टीममधले दोघं सोडून गेले त्यांचं काम पण आमच्याच गळ्यात, आणि साहेब सांगतायत फळाची चिंता करू नका. अहो, श्रीकृष्णाने अर्जुनाला राज्य दुर्योधनाला देऊन टाक आणि शांत झोप असं सांगितलं नव्हतं! त्याच श्लोकात पुढे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' आहे, म्हणजे हातावर हात ठेवून बसू नकोस. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून याच गीतेतून कर्मयोग मांडला आणि तो माणूस जन्मभर हक्कासाठी भांडला. निष्काम कधी व्हायचं ते माझं मी ठरवीन, ज्याच्या हातात माझा पगार आहे त्याने ते मला शिकवू नये.

शांतरस
पोस्ट माझी आहे. तुमच्या साहेबांचा राग माझ्यावर का काढताय? मी बँकेत ३२ वर्षं काढली, प्रमोशन तीनदा हुकलं, तिसऱ्या वेळी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. तेव्हा या श्लोकाने मला उभं केलं. काम चोख करायचं आणि घरी निघताना ते टेबलावरच ठेवून यायचं, एवढं शिकलो. पाच हजार वर्षांपूर्वीचा सूर्यनमस्कार आजही उपयोगी पडतो याचा तुम्हाला त्रास होतोय का?

माणदेशी
काका, पाच हजार वर्षं कुठून आणली? हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात पंधरा आसनं सांगितलीत, सूर्यनमस्कार नाही. उलट तिच्यावरच्या ज्योत्स्ना टीकेत योग्याने टाळायच्या कष्टांमध्ये खूप सूर्यनमस्कार घालणं धरलंय, जड ओझी उचलण्याच्या जोडीला. आज ते घरोघरी दिसतात त्याचं मोठं श्रेय आमच्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींना, त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले. माझे आजोबा तिथलेच विद्यार्थी, ऐंशीव्या वर्षीसुद्धा पंगतीत मांडी घालून जेवायचे.

दादरची मावशी
आमच्याकडे समर्थांपासून नमस्कार घालतात. मारुतीचं देऊळ आणि शेजारी तालीम हे औंधच्या राजांच्या जन्माआधीपासून आहे. सगळं श्रेय एका माणसाच्या पदरात घालू नका.

माणदेशी
त्यांनी शोध लावला असं मी म्हटलंय का? नीट वाचा. तालमीतले जोर वेगळे आणि पतंजलींचा योग वेगळा, तुम्ही दोन्हीची भेळ करताय. पतंजलींनी आसनाला मोजून तीन सूत्रं दिली, पहिलंच 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. बारा घाला, शंभर घाला हे त्यात कुठंय?

दादरची मावशी
सूत्रं पाठ करून पाठ सरळ होत नाही. माझ्या सासूबाई रोज पंचवीस घालायच्या, त्यांनी ना पतंजली वाचले ना तुमची ज्योत्स्ना.

फिजिओवाली
'सुख' हा शब्द तेवढा सोडू नका, हात जोडून सांगते. दरवर्षी २१ जूनच्या योग दिनानंतर माझ्याकडे कंबर धरून माणसं येतात. एका काकूंना शिबिरात शेजारणीने गुडघा दाबून पद्मासनात बसवलं, दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येईना, रिक्षातून दोघांनी धरून आणलं. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, विटा घेऊन आसनं शिकवली ती उगाच नाही, पाय जमिनीला पोचत नसेल तर खाली वीट ठेवायची, पाय ओढायचा नाही.

दादरची मावशी
पट्टे आणि विटा सगळ्यांना नाही लागत. पण गुडघा दाबणारीला मीसुद्धा झापलं असतं, तेवढं तुमचं बरोबर.

रात्रपाळी
तुम्ही नमस्कारांवर भांडताय आणि 'ना डॉक्टर ना काउन्सेलर' तसंच राहिलं. माझ्या भावाने असाच कुणाचा तरी सल्ला ऐकून डिप्रेशनच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. दोन महिन्यांनी त्याला अ‍ॅडमिट करावं लागलं, आई तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर झोपायची. आता तो गोळ्या घेतो आणि सकाळी प्राणायामही करतो. काका, ते वाक्य काढा.

शांतरस
काढलं. बीपीची गोळी मीही रोज घेतो, ते आधीच लिहायला हवं होतं. पण श्लोकाबद्दलचं एक अक्षरही मागे घेणार नाही.

हिंजवडीकर
नका घेऊ. तुम्ही तो स्वतःसाठी लावलात, तुम्हाला उपयोग झाला, हे मान्य. पण काम टेबलावर ठेवून यायचं म्हणता ना काका, आमचं टेबलच बॅगेतून घरी येतं, रात्री अकराला कॉल असतो. गीतेच्याच सहाव्या अध्यायात 'युक्तस्वप्नावबोधस्य' आहे, झोप आणि जागणं दोन्ही बेताचं हवं. पुढच्या मीटिंगला तो श्लोक मी घेऊन जाणार आहे, सोबत गेल्या महिन्यातल्या रात्रीच्या कॉल्सची यादी.